दर बाजाराला अर्धी गोळी

आमचे डॉक्टर महारुद्र पाळवदे हे लोकांचे डॉक्टर आहेत. हे मी म्हणत नाही, त्यांच्या पाटीवर लिहिलेलं आहे. 'मनोविकारतज्ज्ञ' हा शब्द बारीक अक्षरात आणि 'आपल्या माणसांचे, आपल्या भाषेत' हे त्याच्या चौपट मोठ्या अक्षरात. आठवड्यातले तीन दिवस ते गंगाखेडला बसतात, उरलेले परभणीला. गाडीतून उतरले की समोर जो पहिला माणूस दिसेल त्याला हात वर करून म्हणतात, "काय पाव्हणं, लय ऊन हाय बरं का!" तो माणूस बहुधा पानटपरीवाला असतो, दहावी पास असतो, आणि "हो सर, बेचाळीस आहे आज" असं शुद्ध मराठीत उत्तर देतो. डॉक्टरांचं बालपण नांदेडच्या बंगल्यात गेलं, शिक्षण पुण्यात झालं आणि त्यांची ही आपली भाषा टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातून आली. पण हौसेला मोल नसतं, म्हणून आम्ही कोणी काही बोलत नाही.

मी मंजुषा. त्यांच्या दवाखान्यात सात वर्षांपासून समुपदेशक आहे. म्हणजे डॉक्टर जे तीन मिनिटांत सांगतात ते शेजारच्या खोलीत बसून मी पंधरा मिनिटांत पुन्हा सांगायचं, पेशंटकडून वदवून घ्यायचं आणि फाइलवर 'सूचना समजली: होय / नाही' अशा दोन चौकटी आहेत त्यातल्या 'होय'वर खूण करायची. 'नाही'वर मी सात वर्षांत एकदाही खूण केली नव्हती. मला वाटायचं, हे माझं कौशल्य आहे.

आता गोळ्या बदलण्याचं थोडं सांगते, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं. मनाच्या आजारावरची एक गोळी बंद करून दुसरी सुरू करायची तर घाई चालत नाही. जुनी एकदम तोडली तर शरीर बोंब मारतं. चक्कर येते, मळमळतं, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात, झोप उडते, रडू आवरत नाही. बरं, जुनी अंगात असतानाच नवी भरमसाट दिली तर त्याहून वाईट होऊ शकतं. अंग थरथरतं, ताप चढतो, माणूस दवाखान्यात भरती करावा लागतो. म्हणून बहुतेक वेळा जुनी पायरीपायरीनं उतरवतात आणि नवी पायरीपायरीनं चढवतात. पायरी किती दिवसांची, हे गोळी-गोळीवर असतं. या बाबतीत आमचे डॉक्टर पक्के आहेत. त्यांच्या वैद्यकीला मी कधी नाव ठेवलं नाही आणि आजही ठेवत नाही.

घोळ सांगण्यात होता. खेड्यातल्या लोकांना तारखा लक्षात राहत नाहीत, असं डॉक्टरांचं ठाम मत. लोकांना सोयरिकीच्या तारखा पाठ असतात, म्हैस कधी विणार ते पाठ असतं, भावकीतलं भांडण कुठल्या साली कुठल्या बांधावर झालं ते तिथीनिशी पाठ असतं, पण ते असो. डॉक्टरांनी डोकं लढवलं आणि 'बाजार पद्धत' काढली. गावोगावी आठवडी बाजार असतोच. तर 'एक आठवडा' म्हणायचंच नाही, 'एक बाजार' म्हणायचं. पहिल्या बाजाराला अर्धी गोळी कमी, दुसऱ्या बाजाराला आणखी अर्धी, असं करत चार बाजारांत जुनी गोळी साफ बंद. नवी त्याच हिशोबानं वर.

एका औषध कंपनीच्या माणसानं त्याचा गुळगुळीत कागदावर रंगीत तक्ता छापून दिला. त्यात चार टोपल्या होत्या, प्रत्येक टोपलीखाली गोळ्यांचं चित्र. टोपलीत पिवळी ढोबळी मिरची होती आणि कुठलासा हिरवा फ्लॉवर होता, जो आमच्याकडच्या बाजारात मी जन्मात पाहिला नाही. खाली कोपऱ्यात डॉक्टरांचा हसरा फोटो. हा तक्ता वेटिंग हॉलमध्ये लागला, डॉक्टरांच्या मागं लागला, आणि माझ्या खोलीत तर दोन लागले.

आणि खरं सांगायचं तर दीड वर्ष तो चालला. शेतकऱ्यांना चालला, मास्तरांच्या बायकांना चालला, गंगाखेडच्या एका कापड दुकानदाराला तर इतका आवडला की त्यानं तो दुकानात लावला. त्यामुळं मीही मान डोलवायला लागले.

मनकर्णाबाई आमच्याकडं पहिल्यांदा आल्या त्या मागच्या श्रावणात. राणीसावरगावच्या. धनगराचं घर, शंभर-सव्वाशे मेंढरं, वय पंचावन्नच्या आसपास. सोबत नवरा रायभान आणि सून रुपाली. बाई खुर्चीवर बसल्या त्या गाठोडं ठेवावं तशा. काय होतंय विचारलं तर बोलेनात. रुपालीनं सांगितलं, "आत्याबाई रोज सांजच्याला मेंढरं मोजायच्या. बोटं न लावता, नुसतं बघून. एक कमी असलं तरी लगेच कळायचं त्येंला. आता बसून राहतेत. म्हणतेत मोजून काय करायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागल्या म्हैन्यात भरदुपारी दुसऱ्याच्या शेतातल्या हिरीच्या काठावर बसलेल्या घावल्या. पाय आत सोडून."

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पहिला महिना काही नाही. दुसऱ्या महिन्यात जेवायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात रुपाली पेढ्याचा पुडा घेऊन आली. मी विचारलं, काय गं, काय झालं? तर म्हणाली, "म्याडम, काल आत्याबाईंनी मला शिव्या घातल्या. चांगल्या आईबापावरून! मामंजींला बी सोडलं न्हाई, कुत्र्याला बी सोडलं न्हाई. आमी समदे लय खूश झालो." सात वर्षांत शिव्या खाऊन पेढे वाटणारी सून मी ती एकच पाहिली. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी दोन पेढे खाल्ले आणि डॉक्टरांना एकच दिला.

पण त्या गोळीचा एक त्रास होता. घाम फार यायचा आणि दिवसा झोप उतरायची नाही. बाई चालता चालता पेंगायच्या. माघात एकदा बांधावरून खाली गेल्या, गुडघा सोलला. होळी झाल्यावर आल्या तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, गोळी बदलू. निर्णय अगदी बरोबर होता.

"मावशी," डॉक्टर पुढं झुकून म्हणाले, "ही पिवळी गोळी आता आपल्याला लय लय हळू काढायची हाय. आन पांढरी लय लय हळू चालू करायची हाय. बाजाराला जाता ना तुमी?"

"जाते की," बाई म्हणाल्या. "तेल-मीठ, आटा समदं मीच आणते. बाजार माझ्याकडंच हाय."

"मग झालं! दर बाजाराला पिवळीतली अर्धी कमी, पांढरीतली अर्धी जास्त. पांढरी दोनवर आली की थांबायचं. चार बाजार, की पिवळीचा खेळ खल्लास!"

शेजारच्या खोलीत मी तक्ता हातात दिला. मनकर्णाबाईंकडून तीनदा वदवून घेतलं. त्यांनी तीनही वेळा एक अक्षर न चुकता म्हणून दाखवलं: दर बाजाराला पिवळी अर्धी कमी, पांढरी अर्धी जास्त. आमच्या नर्सिंगच्या मुलींना इतकं पाठ होत नाही. मी 'होय'वर खूण केली आणि पुढचा पेशंट बोलावला.

बाराव्या दिवशी सकाळी रुपालीचा फोन आला. मागं मेंढरांचा कलकलाट आणि वारा.

"म्याडम, आत्याबाई लय बेजार हायत. मान जरा फिरवली की डोक्यात करंट बसायलाय म्हणतेत. उलट्या करायल्यात, दोन दिवस झाले झोप न्हाई. नुसत्या रडायल्यात. मामंजी म्हणायलेत, समद्या गोळ्या नदीत फेका."

"पिवळी किती घेतायत सध्या?"

"पिवळी? ती तर बंद झाली की. चार बाजार झाले न्हवं."

"अगं, महिना कुठं झालाय?"

"म्हैना न्हाई म्याडम, बाजार. चार झाले," असं ती म्हणाली आणि रेंज गेली.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि एक मोठा सुस्कारा सोडला. "बघा मंजुषाताई. इतकं सोपं करून सांगितलं. चित्रं काढून सांगितलं! तरी मोजता येत नाही. लगेच बोलवून घ्या त्यांना." माझ्याही मनात तेच आलं, हे कबूल करते. शंभर-सव्वाशे मेंढरं नुसत्या नजरेनं मोजणाऱ्या बाईला चारपर्यंत मोजता आलं नाही, असं मी धरून चालले. शिकलेल्या माणसाला असं धरून चालायला वेळ लागत नाही.

दुपारी चारला ते आले. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती त्या शेतकऱ्यानं आपल्या पिकअपमधून आणून सोडलं. मनकर्णाबाई भिंतीला धरून आत आल्या. कोणी हाक मारली तर मान वळवायच्या नाहीत, सगळं अंग वळवायच्या, डोक्यावर भरलेली घागर असावी तसं. ओठ सुकलेले, डोळे रडून सुजलेले. तक्ता घडी घालून कमरेच्या पिशवीत होता. त्याच्या चारही टोपल्यांवर कोळशानं फुल्या मारलेल्या.

डॉक्टरांनी नीट तपासलं. ताप पाहिला, नाडी पाहिली, बुबुळं पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. ज्याची धास्ती होती ते नव्हतं. "नव्या गोळीनं घात केलेला नाही," ते मला म्हणाले. "जुनी फार वेगानं तुटली, त्याचा हा त्रास." मग बाईंकडं वळले. "मावशी, म्या चार बाजार म्हणलो होतो ना?"

"चार बाजार केले सायेब."

"अवो, पण बारा दिवसांत चार बाजार कसं व्हतील?"

बाईंनी डोळे मिटले. डोळे मिटले की झटके कमी यायचे बहुतेक. मग एकेक बोट दुमडत सांगायला लागल्या. "हितून गेलो तवा तळ नदीकाठाला व्हता. दुसऱ्या दिशी तिथला बाजार. यक. तिथलं रान खाऊन झालं, पुलाच्या पल्याड गेलो. तिथला बाजार तिसऱ्या दिशी. दोन. मंग कारखान्याच्या वाटंवर दोन मुक्काम केले, तिथं बी बाजार भरला. तीन. तिथून डोकं फिरायलं. तरी म्हणलं, सायबानं सांगितलंय तर घ्यावं. मंग माळावरच्या गावाला. चार. त्या बाजाराला मला उभं ऱ्हायला येत न्हवतं. रुपाली म्हणली, तुमी बसा, मी आणते मीठ-मिरची. म्या म्हणलं, न्हाई. बाजार केल्याबिगर गोळी कमी कशी करावी? तिच्या खांद्याला धरून गेले. यक बी चुकवला न्हाई."



मला तेव्हा कळलं आणि कळल्याबरोबर माझ्या कानशिलात कोणीतरी वाजवल्यासारखं झालं. बाजार आठवड्यातून एकदा येतो तो एका जागी राहणाऱ्या माणसाला. मेंढरांमागं चालणाऱ्याला दर दोन-तीन दिवसांनी नवं गाव लागतं आणि प्रत्येक गावाचा बाजाराचा वार निराळा. दिवाळी झाली की ही माणसं बिऱ्हाड घोड्यावर लादून निघतात, ती मृगाला परत येतात. हे काय गुपित आहे? गंगाखेडच्या पुलावर दर वर्षी त्यांच्या मेंढरांमुळं आमची स्कूटी अडते आणि आम्ही हॉर्न वाजवतो. दिवाळीनंतर दर महिन्याला मनकर्णाबाई वेगळ्याच गावाच्या एसटीतून उतरून यायच्या, हे मला दिसत होतं. फाइलवर मात्र आधारकार्डावरून उतरवलेलं 'मु. पो. राणीसावरगाव' होतं, आणि ते लिहिलं की आमचं काम संपलं होतं.

डॉक्टरांनाही कळलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी फाइल ओढली, दीड ओळ इंग्रजीत खरडली, फाइल मिटली आणि पुढचं सांगायला लागले. पिवळी आजपासून परत सुरू, एक गोळी. पांढरी खाली आणून अर्धीवर. आधी सगळं शांत होऊ द्यायचं, मग पंधरा दिवसांना एक पायरी, घाई नाही. मधे काही झालं तर लगेच फोन. यातलं काही चूक नव्हतं. फक्त ज्या घाईनं ते सांगत होते, त्या घाईनं माणूस सांडलेला चहा पुसतो.

"बास," रायभान म्हणाले. ते इतका वेळ दाराशी काठीला टेकून उभे होते. "आता ना पिवळी ना पांढरी. मेंढराला जंताची दवा आमी बदलतो, तवा सकाळी पाजतो आन दुपारी मेंढरू चरायला लागतंय. हितं माणसाला पायऱ्या, बाजार, टोपल्या. बाई मरायला टेकली माझी. चल ग, ऊठ. देवाच्या नावानं ऱ्हाशील तशी ऱ्हा."

डॉक्टर उठले. "तात्या, आसं करू नगा, गोळी सोडली तर लय वंगाळ हुईल, मपलं ऐका!" ते कळवळून बोलत होते, खोटं नव्हतं त्यात काही. पण तोंडातून बाहेर पडत होता तो टीव्हीवरचा कार्यक्रम. रायभाननी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी घाबरले. डॉक्टरांवर राग होता, माझ्यावर त्याहून जास्त होता, पण त्या क्षणी नुसती भीती वाटली. कारण गोळ्या थांबल्या तर पुढं काय होतं ते मी श्रावणात पाहिलं होतं. ही बाई पुन्हा बोलायची थांबेल, मग जेवायची थांबेल, आणि वाटेवरच्या कुठल्या तरी गावात कुठलं तरी शेत असेल आणि त्यात विहीर असेल. आणि आम्ही इथं 'होय'वर खुणा करत बसू.

मनकर्णाबाईंनी हात वर केला. नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमी गप बसा. ते दिस तुमी भायेरून बघितले, म्या आतून बघितले. मला तिथं परत जायचं न्हाई." मग डॉक्टरांना म्हणाल्या, "घेते म्या. पर बाजार नगं."

"नको, नको, बाजार नको," डॉक्टर घाईनं म्हणाले. "तारखा लिहून देतो. मोबाइलमध्ये..."

"मोबाइल चार्ज कुठं ऱ्हातोय?" रुपाली म्हणाली.

"पुनव ते अवस एक पायरी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अवस ते पुनव दुसरी. पंधरा दिसच व्हतेत न्हवं? चांद काय गावागणिक येगळा निघत न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा असा काही उजळला की मला त्यांच्या डोक्यातलं सगळं दिसलं. "वा! मंजुषाताई, लिहून घ्या. 'चंद्र पद्धत'! त्या कंपनीवाल्याला फोन लावा, नवा तक्ता छापून घेऊ. टोपल्यांच्या जागी चंद्राच्या कला. काय सुंदर दिसेल!" खाली कोपऱ्यात काय असणार, ते मी विचारलं नाही.

बाईंनी गोळ्यांच्या पट्ट्या हातात घेतल्या. मग थांबल्या आणि माझ्याकडं सगळं अंग वळवून म्हणाल्या, "पोरी, म्या बाजार सांगितल्यावर सायबानं कागदावर काय लिवलं?"

"ते आमचं दवाखान्याचं असतं मावशी," डॉक्टर म्हणाले. "त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही."

"माझ्यावरच लिवलंय न्हवं? वाच ग."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांनी बारीकशी मान हलवली, नको म्हणून. सात वर्षं मी त्या मानेप्रमाणं चालले होते. मी फाइल उघडली आणि मराठीत वाचून दाखवलं. "रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. रुग्ण अशिक्षित, आकलन कमी."

"आकलन म्हंजी?"

"म्हणजे समज," मी म्हणाले. माझी मान वर होत नव्हती.

मनकर्णाबाईंनी पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि डॉक्टरांकडं सरकवल्या. "हे खोटं हाय. म्या यक बी सूचना मोडली न्हाई. उलट्या करत बाजारला गेले. आदी ते खोडा, मंग गोळी घेते."

"अहो मावशी, फाइल ही कायदेशीर असते. लिहिलेलं असं खोडता येत नाही. उद्या कोणी विचारलं तर?" डॉक्टरांच्या भाषेतला खेडेगाव एका दमात निघून गेला होता.

"मंग ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या आणि खुर्चीचा हात धरून उठायला लागल्या. रायभान पुढं झालेच. त्यांना तर हेच पाहिजे होतं.

आता बघा. टेबलाच्या अलीकडं एक बाई, जिला आठ महिने लावून आम्ही विहिरीच्या काठावरून मागं आणलं होतं. पलीकडं दीड ओळ. आणि आमचे डॉक्टर, ज्यांच्याकडं दोन पदव्या, एक सुवर्णपदक आणि पाटीवर आपली माणसं आहेत, ते विचार करत होते. खरोखर विचार करत होते! दीड ओळ खोडली तर उद्या कोण काय म्हणेल याचा.

माझा संताप झाला. मी फाइल पुढं ओढली, 'सूचना समजली'समोरची माझी खूण खोडली, बाजूला लिहिलं 'पेशंटला समजली, आम्हाला समजली नाही', खाली सही केली, तारीख घातली. मग फाइल आणि पेन डॉक्टरांच्या समोर आपटलं.

"सर, खोडा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बाईंकडं पाहिलं. त्या अर्ध्या उभ्या, रुपालीच्या दंडाला धरून, मान ताठ. मला वाटतं, बाजार पद्धत, पाटी, फोटो सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांनी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असावं. त्यांनी पेन उचललं आणि त्या दीड ओळीवर आडवी रेघ मारली. बाई बघत होत्या म्हणून दुसरी मारली. शेजारी सही केली.

"मग काय लिहू मावशी?" त्यांनी विचारलं. आवाज लहान झाला होता, आणि त्यात 'लय' कुठं नव्हतं.

मनकर्णाबाई हळूहळू परत खुर्चीत बसल्या.

"लिवा," त्या म्हणाल्या, "बाई कुठं ऱ्हाती, ते आमी आठ म्हैन्यांत इचारलं न्हाई."

डॉक्टरांनी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, म्हणून मी फाइल घेतली आणि एकेक शब्द मराठीत करून बाईंना वाचून दाखवला. बरोबर उतरलं होतं. मग त्यांनी पिवळ्या गोळ्यांची पट्टी स्वतःकडं ओढून घेतली आणि रुपालीकडं पाणी मागितलं.